२८ टक्के कुठून येतात? अमेरिकेतल्या बेकारी भत्त्याचा अर्ज, पायरी-पायरीने

पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका सेमिनारमध्ये मी मोठ्या आत्मविश्वासाने एक वाक्य टाकलं होतं. "२०१९ मध्ये अमेरिकेत शंभर बेकारांपैकी साधारण २८ जणांनाच बेकारी भत्ता मिळत होता, म्हणजे बाकी ७२ जणांना सरकारने नकार दिला." वाक्याचा पहिला भाग बरोबर होता, दुसरा साफ चूक. गाइडनी शांतपणे विचारलं, "त्या ७२ पैकी अर्ज किती जणांनी केला होता?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि हा प्रश्न विचारायला हवा हेही मला सुचलं नव्हतं.

उत्तर शोधायला गेल्यावर अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचं २०१८ चं सर्वेक्षण सापडलं. मागच्या बारा महिन्यांत काम केलेल्या बेकारांना त्यात विचारलं होतं की शेवटची नोकरी गेल्यावर तुम्ही भत्त्यासाठी अर्ज केला का? ७७ टक्के लोकांनी केलाच नव्हता. न केलेल्यांपैकी पाचातल्या तिघांचं कारण एकच होतं: आपण पात्र नाही असं त्यांना वाटत होतं. "वाटत होतं" हे शब्द नीट वाचा. ते खरंच अपात्र होते की तसं फक्त त्यांना वाटत होतं, हे या उत्तरावरून कळत नाही. काही जण बरोबर असतील, काही चूक. माझा विषय त्या दिवशी इथूनच सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

या लेखात एक भत्ता घेऊन त्याच्या अर्जाची सगळी वाट चालून बघू. सामाजिक योजनांवर संशोधन करायचं असेल तर हा व्यायाम कुठल्याही योजनेला लागू पडतो. अमेरिका अशासाठी की तिथे प्रत्येक पायरीची आकडेवारी वेगवेगळी ठेवली जाते आणि ती सगळ्यांसाठी खुली असते.

पैसे कोण भरतं, हे आधी

अमेरिकेत "देशाचा" असा एकच बेकारी भत्ता नाही. १९३२ साली विस्कॉन्सिन राज्याने पहिला कायदा केला. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने केंद्राने सगळ्या राज्यांना तसं करायला भाग पाडलं, पण हुकूम काढून नाही, कर लावून. मालकाने प्रत्येक कामगाराच्या वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर ६ टक्के केंद्रीय कर भरायचा. राज्याचा स्वतःचा मान्यताप्राप्त बेकारी विमा असेल तर त्यातले ५.४ टक्के माफ. आता कुठलं राज्य आपल्या मालकांना जास्तीचा कर भरू देईल? सगळ्यांनी कायदे केले. ऑगस्ट १९३६ मध्ये विस्कॉन्सिनमध्येच पहिला चेक निघाला, १५ डॉलरचा. आज ५० राज्यं, राजधानी वॉशिंग्टन, पोर्तो रिको आणि व्हर्जिन आयलंड्स धरून ५३ वेगवेगळे कार्यक्रम आहेत. (७,००० डॉलरची ती मर्यादा १९८३ पासून हललेली नाही. महागाई किती वाढली ते तुम्हीच बघा.)

म्हणून भत्त्याची रक्कम, तो किती आठवडे मिळणार, नोकरी सोडण्याचं "योग्य कारण" कशाला म्हणायचं, हे सगळं राज्यागणिक बदलतं. बऱ्याच राज्यांत २६ आठवड्यांपर्यंत भत्ता मिळतो. फ्लोरिडात बेकारीचा दर कमी असला की १२ आठवड्यांत खेळ संपतो, आणि आठवड्याला २७५ डॉलरच्या वर एक डॉलरही मिळत नाही. २०१९ च्या त्या सरासरी २८ टक्क्यांच्या पोटात न्यू जर्सीचे निम्म्याहून जास्त आणि नॉर्थ कॅरोलायनाचे सुमारे १० टक्के असे दोन्ही आकडे आहेत. एका देशाची सरासरी म्हणून हा आकडा वापरायचाच असेल तर निदान ही तफावत सांगून वापरा.

संशोधनाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट मात्र करात दडलेली आहे. राज्याला भरायचा मालकाचा कर सगळ्यांना सारखा नसतो. ज्या कंपनीने काढलेले कामगार जास्त भत्ता घेतात, तिचा दर वाढतो. याला "एक्सपिरियन्स रेटिंग" म्हणतात. हेतू चांगला आहे: उगाच कामगार काढणाऱ्याला त्याचा भुर्दंड पडावा. पण याच नियमामुळे मालकाला दुसराही रस्ता दिसतो. कामगार न काढता जसा कर वाचतो, तसाच काढलेल्या कामगाराला भत्ता मिळू न देताही वाचतो.

एका अर्जाच्या मागून

समजा मारिया नावाची एक बाई आहे (मी कल्पिलेली). मूल लहान म्हणून दोन वर्षं घरी होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या ओरलँडोत एका रेस्टॉरंटमध्ये पूर्णवेळ कामाला लागली. मे २०२४ मध्ये धंदा मंदावला आणि तिला काढलं. सात महिने तिने सलग काम केलं, चूक तिची नाही. मिळेल भत्ता?

पहिली पायरी पैशांची. राज्य बघतं की "बेस पिरियड"मध्ये तुमची कमाई किती होती. हा बेस पिरियड म्हणजे मागचं वर्ष नव्हे. अर्जाच्या आधी पूर्ण झालेल्या शेवटच्या पाच तिमाह्या घ्यायच्या आणि त्यातल्या पहिल्या चार मोजायच्या. मारियाचा अर्ज मे २०२४ चा. पूर्ण झालेल्या पाच तिमाह्या जानेवारी २०२३ ते मार्च २०२४. त्यातल्या पहिल्या चार म्हणजे जानेवारी ते डिसेंबर २०२३. जानेवारी ते मे २०२४ मध्ये तिने जे कमावलं ते हिशेबातच नाही! तिच्या नावावर एकच तिमाही उरते. फ्लोरिडाच्या नियमात किमान दोन तिमाह्यांत कमाई हवी, एकूण ३,४०० डॉलर हवेत, आणि सगळ्यात मोठ्या तिमाहीच्या दीडपट एकूण हवेत. मारिया पहिल्याच पायरीवर बाद.

असा विचित्र नियम का? तर जुन्या काळी मालकांकडून पगाराच्या नोंदी कागदावर यायच्या, त्या जमवून लावायला महिने लागायचे, म्हणून सगळ्यात ताजी तिमाही सोडून दिली. आता नोंदी संगणकावर आहेत, नियम मात्र अनेक ठिकाणी तोच. बऱ्याच राज्यांनी नंतर "पर्यायी बेस पिरियड" आणला, म्हणजे शेवटच्या चार तिमाह्या धरायच्या. २००९ मध्ये मंदीच्या काळात केंद्राने अशा सुधारणांसाठी राज्यांपुढे ७ अब्ज डॉलर ठेवले होते. न्यू जर्सीत हा पर्याय आहे. तीच मारिया, तेच सात महिने, पण नोकरी न्यू जर्सीत असती तर तिच्या दोन तिमाह्या धरल्या गेल्या असत्या आणि तिचा अर्ज पुढे सरकला असता.

आता एक प्रश्न. मारियाच्या शेजारणीला सहा महिन्यांपूर्वी असाच नकार आला होता. ती मारियाला म्हणाली, "आपल्यासारख्यांना नाही मिळत गं, कशाला वेळ घालवतेस?" मारियाने अर्जच केला नाही. सर्वेक्षणात ती "पात्र नाही असं वाटलं" या रकान्यात जाईल. तिचं म्हणणं फ्लोरिडात बरोबर आहे, न्यू जर्सीत चूक. रकाना तोच.

पुढे चालू या. समजा ती वर्षभर आधीपासून कामाला होती आणि ही पायरी ओलांडली. दुसरी पायरी म्हणजे नोकरी का गेली. मंदीमुळे काढलं तर प्रश्न नाही. स्वतःहून सोडली तर "योग्य कारण" दाखवावं लागतं. गैरवर्तनासाठी काढलं असेल तर भत्ता नाही. राज्याचं कार्यालय मालकाला नोटीस पाठवतं, आणि इथे तो मघाचा कर आठवा. मोठ्या कंपन्या तर या नोटिसांना उत्तरं देण्याचं काम बाहेरच्या संस्थांकडे सोपवतात, त्यांचा तो धंदाच आहे. लाचोव्स्का, सॉर्किन आणि वुडबरी या तिघांनी वॉशिंग्टन राज्याच्या नोंदी वापरून हे तपासलं. कामगार भत्ता मागतो की नाही, हे तो कुठल्या कंपनीत होता यावर बरंच अवलंबून असतं, आणि कमी पगाराचे कामगार दावा कमी करतात, शिवाय त्यांच्या दाव्यांना मालकाकडून आव्हान मिळण्याची शक्यता जास्त असते, असं त्यांना दिसलं. म्हणजे तुम्ही अर्जदाराचं वय, शिक्षण, लिंग असे सगळे चल मॉडेलमध्ये घातलेत आणि मालक विसरलात, तर अर्धी गोष्ट बाहेर राहिली.

तिसरी पायरी दर आठवड्याची. भत्ता एकदा मंजूर झाला म्हणजे झालं, असं नाही. दर आठवड्याला (काही राज्यांत पंधरवड्याला) पुन्हा सांगायचं: मी काम करू शकत होते, उपलब्ध होते, काम शोधत होते, आणि या आठवड्यात एवढं कमावलं. फ्लोरिडात बहुतेक ठिकाणी आठवड्याला पाच जागी काम शोधल्याचं दाखवावं लागतं. शिवाय बहुतेक राज्यांत पहिला आठवडा बिनपैशाचा. कमाई लिहितानाही गोम आहे. बहुतेक ठिकाणी कर कापायच्या आधीची रक्कम लिहायची, आणि ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्यात लिहायची, पगार हातात आला त्या आठवड्यात नाही. दोन दिवसांचं किरकोळ काम मिळालेल्या माणसाला हे कोण समजावणार? तो खात्यात आलेली रक्कम बघून लिहितो. दोन महिन्यांनी "जादा दिलेली रक्कम परत करा" असं पत्र येतं.

"उपलब्ध" या शब्दापाशी जरा थांबतो, कारण तिथे आपली माणसं अडकतात. एच-वन-बी व्हिसावरच्या मराठी आयटीवाल्याच्या पगारावर त्याची कंपनी बेकारी विम्याचा कर भरत असते. पण नोकरी गेली की व्हिसा त्या मालकाशी बांधलेला, त्यामुळे दुसरीकडे लगेच काम करायला तो कायद्याने "उपलब्ध" धरला जात नाही, आणि सहसा अपात्र ठरतो. हातात असतात ते ६० दिवस, दुसरा मालक शोधायला किंवा देश सोडायला. त्याच घरात ग्रीन कार्ड असलेल्याला किंवा कामाचा परवाना असलेल्या जोडीदाराला मात्र इतरांसारखाच हक्क आहे. तरी "सरकारी मदत घेतली तर पुढे नागरिकत्वाला अडचण येईल" या भीतीने गप्प राहणारे असतातच. खरं तर हा विमा कामातून कमावलेला हक्क मानला जातो, सरकारवर भार होण्याच्या हिशेबात तो धरत नाहीत. (जाता जाता: विद्यापीठात शिकता शिकता तिथेच असिस्टंटशिप करणाऱ्यांचं काम या विम्यात साधारणपणे धरतच नाहीत. म्हणजे बेकारीवर प्रबंध लिहिणाऱ्याची असिस्टंटशिप संपली तर त्याला काही नाही.)

चौथी पायरी अपिलाची. नकाराविरुद्ध अपील करता येतं, पण मुदत बघा: कॅलिफोर्नियात ३० दिवस, फ्लोरिडात २०, टेक्सासमध्ये १४. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं तर मुदत तिथेच संपते. उलट बाजूनेही एक महत्त्वाचा निकाल आहे. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जावा नावाच्या कामगार बाईच्या खटल्यात सांगितलं की सुनावणीनंतर एकदा भत्ता मंजूर झाला की केवळ मालकाने अपील केलं म्हणून तो रोखता येणार नाही, कारण भत्त्याचा अर्थच वेळेवर मिळण्यात आहे. सहा महिन्यांनी मिळालेला बेकारी भत्ता मागच्या भाड्याला उपयोगी पडत नाही. हा निकाल मूळातून वाचा, छोटाच आहे.

मशीनने ठरवलेली लबाडी

मिशिगन राज्याने २०१३ मध्ये "मायडास" नावाची संगणक प्रणाली आणली. अर्जदाराने दिलेली माहिती आणि मालकाची नोंद यात फरक दिसला की प्रणाली त्याला लबाडीचा संशयित ठरवायची. तिमाहीची कमाई सगळ्या आठवड्यांवर सारखी वाटून टाकायची, त्यामुळे महिनाभर काम आणि नंतर दोन महिने बेकारी अशा माणसाची माहिती आपोआप "जुळत नाही". मग प्रश्नावली जायची ती त्या खात्याच्या वेबसाइटवरच्या इनबॉक्समध्ये, जो भत्ता संपल्यावर कुणी उघडतही नसे. दहा दिवसांत उत्तर नाही आलं की लबाडी सिद्ध! रक्कम परत, त्यावर चौपट दंड. २०१५ पर्यंत सुमारे ४०,००० लोकांवर असा खोटा ठपका बसला. नंतर राज्यानेच निव्वळ मशीनने ठरवलेली २२ हजारांहून जास्त प्रकरणं तपासली, तर त्यातली ९३ टक्के चुकीची निघाली. लोकांचे पगार आणि कर-परतावे यातून वसुली झाली होती. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२२ मध्ये २ कोटी डॉलरची तडजोड झाली.

या प्रकरणाकडे आपण सहसा "अल्गोरिदमची चूक" म्हणून बघतो. मला ते अपुरं वाटतं. इनबॉक्स, दहा दिवस, आणि गप्प बसणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, हे तिन्ही माणसांनी लिहिलेले नियम होते. मशीनने ते फक्त न थकता राबवले.

हे मुद्दाम असतं का?

पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉइनिहन यांचं २०१८ चं पुस्तक 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह बर्डन' या विषयात आता सगळेच उद्धृत करतात. नागरिकाला सरकारी कामात तीन प्रकारची किंमत मोजावी लागते असं ते मांडतात: माहिती काढण्याची, कागदपत्रं आणि अटी पुऱ्या करण्याची, आणि मनाची, म्हणजे अपमान, ताण, कमीपणा. इथवर आपल्या तहसील कचेरीत एकदा जाऊन आलेल्या कुणालाही नवीन काही नाही. पुस्तकाचा खरा दावा त्याच्या उपशीर्षकात आहे: हे अडथळे म्हणजे दुसऱ्या मार्गाने केलेलं धोरण. भत्ता कायद्याने कमी करायला विधिमंडळात मतं लागतात, वाद होतो. फॉर्म अवघड करायला काही लागत नाही.

फ्लोरिडाचं उदाहरण यात हटकून येतं. २०११ च्या कायद्याने अर्ज फक्त ऑनलाइन केला आणि ४५ प्रश्नांची कौशल्य-चाचणी सक्तीची केली. २०१३ मध्ये केंद्रीय कामगार खात्याच्या नागरी हक्क विभागाने म्हटलं की यातून अपंग आणि इंग्रजी कमी येणाऱ्या लोकांवर अन्याय होतो. नावसुद्धा बदललं: "बेकारी भरपाई"चं "रीएम्प्लॉयमेंट असिस्टन्स" झालं, म्हणजे बेकारी भत्ता शोधणाऱ्याला आधी हे नवं नाव माहीत हवं. मग मार्च २०२० उजाडला. कोरोनामुळे देशभरात एका आठवड्यात ६० लाखांच्या आसपास नवे अर्ज आले. आदल्या महिन्यापर्यंत हा आकडा दोन-सव्वादोन लाख असायचा. फ्लोरिडाची वेबसाइट कोसळली आणि हायलिया शहरात कागदी फॉर्म घ्यायला भर साथीत रांगा लागल्या. त्याच वर्षी राज्याच्या गव्हर्नरांनीच एका मुलाखतीत सुचवलं की लोकांनी कंटाळून नाद सोडावा अशाच हेतूने ही प्रणाली बनवली गेली असावी. त्यांच्याच पक्षाच्या आधीच्या सरकारची प्रणाली, हे विशेष.

पण सगळं मुद्दाम असतं असं मानलंत तर पुढच्याच उदाहरणात अडकाल. न्यू जर्सीसारख्या तुलनेने उदार राज्याची प्रणालीही तेव्हा कोसळली, आणि तिथल्या गव्हर्नरांना कोबोल ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा येणारे स्वयंसेवक शोधायचं आवाहन करावं लागलं. तिथे हेतू नव्हता, दुर्लक्ष होतं. शिवाय २०२० मध्ये स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी जो खास केंद्रीय भत्ता आला, त्यात पडताळणी सैल होती आणि चोरलेल्या ओळखींवर टोळ्यांनी अफाट पैसे उचलले. केंद्रीय लेखापरीक्षण संस्थेने साथीच्या काळातल्या एकूण बेकारी भत्त्यातली लबाडी १०० ते १३५ अब्ज डॉलरच्या दरम्यान असावी असा अंदाज केला. तेव्हा प्रत्येक पडताळणीमागे दुष्ट हेतूच असतो, असं म्हणणारा प्रबंध मी तरी लिहिणार नाही. (त्या खास भत्त्याची एक गंमत: तो नेहमीच्या भत्त्याला अपात्र असलेल्यांसाठीच होता, म्हणून अनेक राज्यांत आधी नेहमीचा अर्ज करून नकार मिळवावा लागायचा. नकार हेच कागदपत्र!)

अर्थशास्त्रातली एक जुनी मांडणी तर उलट दिशेची आहे. निकोल्स आणि झेकहाउझर यांनी १९८२ मध्ये म्हटलं की थोडा त्रास उपयोगीही ठरू शकतो. ज्याला खरी गरज तोच रांगेत उभा राहील, बाकीचे आपणहून गळतील. वाचताना पटतं. मग कोण गळतं ते मोजून बघायला हवं. बेकारी भत्त्याच्या नव्हे पण अपंगत्व भत्त्याच्या बाबतीत देशपांडे आणि ली यांनी २०१९ मध्ये ते मोजलं. सोशल सिक्युरिटीची कार्यालयं बंद झाली तिथे आसपासचे लाभार्थी १६ टक्क्यांनी घटले, आणि घट जास्त होती ती कमी शिकलेल्या आणि मध्यम तीव्रतेचं अपंगत्व असलेल्या अर्जदारांत.

मग अडथळा काढला की लोक येतात? इथे मला सगळ्यात आवडणारा पेपर आहे एबेनस्टाइन आणि स्टेंज यांचा, २०१० चा. राज्यांनी कार्यालयात जाऊन अर्ज करण्याऐवजी फोन आणि इंटरनेटवर अर्ज घ्यायला सुरुवात केली, तेव्हा भत्ता घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं का? नाही, जाणवण्याइतकं काहीच वाढलं नाही. घर ते कार्यालय ही पायपीट हा मुख्य अडथळा नव्हताच. आता २०१८ च्या सर्वेक्षणाकडे परत या: पाचातल्या तिघांना आपण पात्रच नाही असं वाटत होतं. ज्याला आपण अपात्र आहोत असं वाटतं, तो माणूस फोनवरून तरी अर्ज कशाला करेल? दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की माझ्या सेमिनारमधल्या वाक्याची जागा एका बऱ्या प्रश्नाने घेतली. माणूस कुठल्या पायरीवर गळला, आणि ती पायरी त्याने स्वतः पाहिली होती की कुणाकडून ऐकली होती?

आपल्याकडे

भारतात असा बेकारी भत्ता नाही असं अनेक जण म्हणतात, तेही पूर्ण खरं नाही. ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले, ईएसआयचा हप्ता कापला जाणारे कामगार यात येतात. सुरुवातीला रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. २०२० मध्ये कोरोनात रक्कम ५० टक्के केली. बातम्यांत तेवढंच आलं. माझ्या मते मोठे बदल दुसरेच होते: आधी दावा शेवटच्या मालकामार्फत यायचा, तो आता थेट शाखा कार्यालयात करता येऊ लागला, नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबण्याऐवजी ३० दिवस, आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रतिज्ञापत्राची अट काढून टाकली. ज्याने तुम्हाला काढलं त्याच्याच सहीवर तुमचा भत्ता, ही अट दोन वर्षं होती! यातल्या कुठल्या बदलाने दावे किती वाढले, हा एका चांगल्या पीएचडीचा प्रश्न आहे. पिंपरी-चिंचवड, नाशिक, इचलकरंजी, कुठूनही सुरुवात करता येईल.

रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यातही बेकारी भत्ता होता: काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता. मजुरीचा खर्च केंद्राचा, पण हा भत्ता राज्याच्या खिशातून. आणि मागणीचा पुरावा म्हणजे तारखेची पोचपावती, जी राज्याचीच यंत्रणा देणार. पैसे ज्याचे जाणार, पुरावाही त्याच्याच हातात. अमेरिकेतला मालक आणि त्याचं नोटिशीला उत्तर इथे वेगळ्या वेशात भेटतात.

सुरुवात कुठून करायची

मला कुणी विचारलं तर मी सांगतो, आधी सिद्धांत वाचू नका, फॉर्म भरा. खरा पाठवायचा नाही. छापून घ्या, एखाद्या कल्पित माणसासाठी पेनाने भरा, आणि कुठल्या रकान्यापाशी तुम्हाला कुणाला तरी विचारावंसं वाटलं तिथे खूण करा. माझ्या कागदावर अशा अकरा खुणा झाल्या होत्या. मग अपिलांचे निर्णय वाचा, कारण अधिकारी आणि मालक काय बोलतात ते तिथे शब्दशः सापडतं.

आकडेवारी अमेरिकेची हवी असेल तर कामगार खात्याकडे राज्यांनी पाठवायचे अहवाल पायरीनुसार वेगळे आहेत. एकूण दावे आणि रकमा ५१५९ क्रमांकाच्या अहवालात, बेस पिरियडवर झालेले निर्णय २१८ मध्ये, नोकरी का गेली किंवा उपलब्धता यावरचे निर्णय २०७ मध्ये, अपिलं ५१३० मध्ये, आणि जादा दिलेल्या रकमांची वसुली २२७ मध्ये. शिवाय मंजूर आणि नामंजूर दाव्यांचे नमुने काढून पुन्हा तपासणारा एक कार्यक्रम आहे, त्यातून चुकीने नाकारलेल्यांचाही अंदाज येतो. एका राज्याची एका वर्षाची ही पाच कोष्टकं शेजारी-शेजारी मांडा. कुठे किती गळले ते दिसेल, आणि एक मोठी रिकामी जागाही दिसेल. मारियासारख्या अर्जच न केलेल्यांची नोंद या पाचांपैकी एकाही अहवालात नसते. त्यांच्यासाठी त्या सर्वेक्षणाकडेच जावं लागतं, किंवा तिच्या शेजारणीकडे.